क्रॉफर्डसाहेबांचा हिशेब

धागा मोठा आहे, सवडीने वाचावा. विहार तलावावरील मागच्या धाग्याखाली एका वाचकाने लिहिले होते : नगरसेवक हवेतच कशाला, एक कडक आणि प्रामाणिक कमिशनर द्या, शहर आपोआप सुधारेल. या मताला पसंतीच्या खुणाही बऱ्याच मिळाल्या. मला त्या वाचकाचा राग आला नाही. त्याचे मत किती जुने आहे, याचे मात्र नवल वाटले. मुंबईत हा प्रयोग एकदा पूर्णपणे करून झालेला आहे. तो १८६५ साली सुरू झाला, १८७१ साली कोसळला, आणि त्याच्या ढिगाऱ्यावर आजची महानगरपालिका उभी आहे.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. १८५८च्या कायद्याने मुंबईचा कारभार तीन कमिशनरांच्या मंडळाकडे सोपवला होता. तिघांत जबाबदारी वाटली गेली, म्हणजे व्यवहारात ती कुणाचीच राहिली नाही. दरम्यान अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरचा कापूस अडला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. शहर फुगले. १८६४च्या खानेसुमारीत लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. इतकी माणसे, उघडी गटारे, गल्लीबोळांतील मैला आणि पटकीची साथ, हे सारे एका बेटावर कोंबलेले होते. विहारचे पाणी आले होते खरे. पण ते वापरून झाल्यावर जायचे कुठे, याचा विचार झाला नव्हता.

मग १८६५चा दुसरा कायदा आला. सरकारने नेमलेल्या ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळींची एक संस्था करण्यात आली आणि सर्व कार्यकारी सत्ता एकाच पूर्णवेळ कमिशनरकडे देण्यात आली. अंदाजपत्रक जस्टिसांनी मंजूर करायचे, काम आणि खर्च कमिशनरने करायचा. पहिल्या कमिशनरचे नाव आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड. या नावाच्या मंडईत आपल्यापैकी अनेकांनी दिवाळीची खरेदी केलेली आहे.

क्रॉफर्ड हा कामाचा माणूस होता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. आरोग्याधिकारी डॉ. हेवलेट यांना हाताशी धरून त्याने शहर अक्षरशः झाडून काढले. गटारे उपसली, रस्ते रुंद केले, कत्तलखाना वस्तीतून उचलून वांद्र्याला नेला. विल्यम इमर्सनच्या आराखड्याप्रमाणे १८६९ साली मंडई उभी राहिली. तिच्यावरील शिल्पपट्ट लॉकवुड किपलिंगचे आहेत. दिनशा वाच्छांनी तरुणपणी हा काळ डोळ्यांनी पाहिला होता. पुढे १९१३ साली त्यांनी मुंबईच्या नगरशासनाचा इतिहास लिहिला, त्यातही क्रॉफर्डच्या कर्तबगारीविषयीचा आदर लपत नाही. वाच्छा हे हिशेबाचे माणूस, सरकारी खर्चाचे कठोर टीकाकार; त्यांचा आदर सहज मिळणारा नव्हता.

पण पैसा?

येथे काळाने त्याच्याशी क्रूर थट्टा केली. अमेरिकेतील युद्ध १८६५च्या वसंतात संपले, कापसाचे भाव गडगडले, आणि बॅक बे रेक्लमेशनसारख्या कंपन्यांच्या शेअरांवर रचलेले इमले त्या उन्हाळ्यात जमीनदोस्त झाले. नव्या कारभाराची घडी बसत होती त्याच जुलै महिन्यात मुंबईच्या पेढ्या बुडत होत्या. नाना शंकरशेट यांचे निधनही याच महिन्यातले. शहराच्या एका पर्वाचा तो शेवट म्हणावा लागेल. भाडी उतरली, घरे रिकामी पडली, १८७२च्या खानेसुमारीत लोकसंख्या ६,४४,४०५वर आली. क्रॉफर्डच्या योजना मात्र भरतीच्या काळातील उत्पन्न गृहीत धरल्यासारख्या चालूच राहिल्या. घरपट्टी, हलालखोर पट्टी, गाड्याघोड्यांवरील कर, शहरात येणाऱ्या मालावरील जकात, यांचा भार अशा लोकांवर पडू लागला ज्यांची मिळकत आधीच निम्म्यावर आली होती. तूट वाढली, कर्ज वाढले. हिशेब जस्टिसांसमोर येत. पण येईपर्यंत पैसे खर्च झालेले असत. झालेल्या खर्चाला मंजुरी नाकारून करायचे काय? रस्ता उखडायचा? मंडई परत करायची?

मला सगळ्या प्रकरणाचे मर्म येथे दिसते. देखरेख म्हणजे नुसता हिशेब पाहण्याचा अधिकार नव्हे. तो हिशेब वेळेवर पाहण्याचा अधिकार आहे. झालेल्या खर्चाचा उशिरा आलेला ताळेबंद हा माझ्यासारख्या विद्यार्थ्याच्या कामाचा. करदात्याला त्याचा उपयोग नाही.

१८७० ते १८७१ या काळात करदात्यांचे मोठे आंदोलन झाले. नवरोजी फर्दुनजी, सोराबजी बंगाली, विश्वनाथ नारायण मंडलिक, जेम्स फोर्ब्स अशी भिन्न जातीधर्मांची माणसे एका व्यासपीठावर आली. जून १८७१मध्ये फोर्ब्स यांनी जस्टिसांच्या सभेत ठराव मांडला, त्याचा रोख असा की कमिशनरची सत्ता काढून एका नगरसमितीच्या हाती द्यावी. शहर क्रॉफर्डवर इतके संतापलेले होते की त्याची बाजू घेणे म्हणजे दगड अंगावर ओढवून घेणे.

ती बाजू घेतली फेरोजशहा मेहतांनी. वय वर्षे २६. बॅरिस्टर होऊन परतल्याला तीन वर्षे झालेली. (या वयात आपण प्रबंधाची रूपरेषा तिसऱ्यांदा बदलत असतो, ते असो.) नोव्हेंबर १८७१मध्ये धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी नगरसुधारणेवर निबंध वाचला आणि प्रक्षुब्ध श्रोत्यांना न आवडणाऱ्या दोन गोष्टी सांगितल्या. एक, क्रॉफर्डने उधळपट्टी केली असेल, पण शहराचा कायापालटही त्यानेच केला. दोन, दोष एकट्या क्रॉफर्डचा नाही. पैसा मंजूर करण्याचा अधिकार हाती असून जे जस्टिस झोपले होते त्यांचा आहे, आणि त्याहून अधिक, करदात्यांना उत्तरदायी नसलेले जस्टिस नेमणाऱ्या पद्धतीचा आहे. समितीने राज्यकारभार चालवावा, हे मेहतांना मान्य नव्हते. तिघांच्या मंडळाची गत सर्वांनी पाहिलीच होती. कारभार एकाने करावा, मात्र त्याच्या वर करदात्यांनी निवडून दिलेली सभा असावी, आणि पैशावर त्या सभेची पकड असावी, हा त्यांचा आग्रह होता.

क्रॉफर्ड १८७१ साली पायउतार झाला. १८७२च्या तिसऱ्या कायद्याने जी रचना आली, तिच्यात मेहतांच्या कल्पनेची छाया स्पष्ट आहे. ६४ सभासद, त्यांपैकी ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिसांनी, १६ सरकारने नेमायचे. बारा जणांची ‘टाउन कौन्सिल’ खर्चावर लक्ष ठेवणार. कमिशनर सरकारनियुक्तच, पण आता खर्चाआधी विचारणारे कुणीतरी होते. हीच टाउन कौन्सिल १८८८च्या कायद्यात ‘स्थायी समिती’ झाली. आज वृत्तपत्रांत जिच्या बैठकींविषयी आपण कुत्सितपणे वाचतो, तिचा जन्म क्रॉफर्डच्या तुटीतून झालेला आहे.

१८८८चा कायदा घडवताना मुंबई विधिमंडळात मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी कलमाकलमावर झुंज दिली. शहराचे नगरशासन महापालिकेच्या ठायी आणि कार्यकारी सत्ता कमिशनरकडे, हा तोल त्यातूनच आला. कमिशनरला हटवायचे तर एकूण सभासदांच्या पाच-अष्टमांश मते हवीत, म्हणजे तेव्हाच्या ७२पैकी ४५. हे प्रमाण मला फार विचारपूर्वक ठरवलेले वाटते : क्षुल्लक कुरबुरीने अधिकारी जाऊ नये, पण सगळे शहर विटले तर त्याला कुणाचे पाठबळ वाचवू नये.

त्याच १८८८ साली पुण्यात दुसरे नाटक रंगत होते, आणि नायक तोच! क्रॉफर्ड तेव्हा मध्य विभागाचा कमिशनर होता. मामलेदारांकडून बढती-बदलीसाठी पैसे घेतल्याचे आरोप झाले, वेषांतर करून पळताना तो पकडला गेला, चौकशी आयोग बसला. लाचखोरी सिद्ध झाली नाही, पण हाताखालच्या लोकांकडून कर्जे घेतल्याचे सिद्ध झाले आणि तो बडतर्फ झाला. अभय देऊन ज्यांच्याकडून साक्षी काढल्या, त्या मामलेदारांपैकी काहींना मात्र नोकऱ्या गमवाव्या लागल्या. टिळकांनी त्यांची बाजू लावून धरली, १८८९ साली पुण्यात सभा झाली. पुण्यातल्या प्रकरणावरून मुंबईतल्या कारकिर्दीला दोषी ठरवू नये. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मागच्या तारखेचे निकाल देऊ नयेत. पण एवढे म्हणता येईल की कर्तबगारी आणि सचोटी हे दोन वेगळे गुण आहेत, आणि ‘कडक कमिशनर’ मागणारे त्यांना एकच समजतात.

आता या कहाणीतील जो भाग आपल्या गौरवगाथांत सहसा येत नाही, त्याकडे वळते. मेहता, तेलंग, मंडलिक यांची लढाई करदात्यांची होती, आणि करदाता म्हणजे शहर नव्हे. वर्षाला ५० रुपये कर भरणाऱ्यालाच मत होते. १८७३च्या पहिल्या निवडणुकीत मतदार लोकसंख्येच्या एक टक्काही नव्हते. शहर ज्यांच्या हातांनी स्वच्छ होत होते, त्या भंगी, हलालखोर मंडळींना या सभेत आवाज नव्हता. त्यांच्या नावाची पट्टी मात्र घरोघर वसूल होत होती.

वरच्या अधिकाऱ्यावर देखरेख ठेवण्यासाठी दोन दशके वाद, ठराव, निबंध, समित्या झाल्या. तळाच्या नोकरासाठी सारे चटकन उरकले. ‘बॉम्बे म्युनिसिपल सर्व्हंट्स अ‍ॅक्ट’ हा १८९०चा कायदा मुंबई इलाख्यातील नगरपालिकांसाठी होता. पूर्वसूचना न देता काम सोडणाऱ्या किंवा गैरहजर राहणाऱ्या सफाई कामगाराला त्याने तुरुंगवासाची तरतूद केली. इतर नोकर काम सोडतो तेव्हा फार तर पगार बुडतो. येथे गुन्हा होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे आपल्या लेखनात या कायद्यावर नेमके बोट ठेवले. १८९६ साली मांडवीत प्लेग उद्भवला तेव्हा हे उघडेच पडले. सक्तीने रुग्णालयात नेण्याच्या नियमांना घाबरून हलालखोर निघून गेले तर शहर राहण्याजोगे उरणार नाही, या धास्तीने अधिकाऱ्यांना नियम सैल करावे लागले. ज्यांना सभेत जागा नव्हती, त्यांच्या पायांवर शहर उभे होते.

म्हणून मागच्या धाग्याखालील त्या वाचकाला माझे उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग मेहतांचा : माणूस कितीही चांगला असो, खर्चाआधी प्रश्न विचारणारी निवडून आलेली सभा हवी. दुसरा भाग मेहतांच्या विरोधात जातो. मेहतांनी दोष झोपलेल्या जस्टिसांवर ठेवला, परंतु नुसते जागे सभासद पुरत नाहीत. त्या सभेत झाडू मारणाराही असला पाहिजे, नाहीतर देखरेख वरून खाली फक्त दंडाच्या रूपाने वाहते. प्रौढ मतदानाने निदान कागदावर ही उणीव भरून काढली.

नगरसेवक भ्रष्ट नसतात, असे मी म्हणत नाही. रस्त्याच्या कंत्राटांविषयी जे तुम्ही ऐकता ते मीही ऐकते. पण ७ मार्च २०२२ रोजी मुंबई महापालिकेची मुदत संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ सभा आणि स्थायी समिती या दोहोंचे अधिकार प्रशासक म्हणून कमिशनरच वापरत होते. अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. त्या काळात ‘बरे झाले, कटकट गेली’ असे म्हणणारे अनेक सुशिक्षित लोक मला भेटले. १८६५च्या कायद्यात निदान जस्टिस तरी होते, ही गोष्ट त्यांच्या कानी घालण्याचा प्रयत्न मी केला. फारसे यश आले नाही.

जाता जाता मंडईविषयी. क्रॉफर्ड मार्केटचे अधिकृत नाव आता महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. नामांतराच्या वेळी कुणाच्या मनात हे असेल-नसेल, पण फुले स्वतः १८७६पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर सजवण्यासाठी हजार रुपये खर्चावेत, असा प्रस्ताव तेथे आला तेव्हा ही रक्कम गोरगरिबांच्या शिक्षणासाठी लावावी, असे त्यांचे म्हणणे होते. मतदान झाले. विरोधात मत एकच पडले, फुल्यांचे.