विश्लेषण : वेबसाइटचा कोड ‘शुद्ध’ असायलाच हवा का?

दादरचे साड्यांचे दुकान, लालबागचे मसालेवाले, परळचा दवाखाना, गिरगावातील खाणावळ. आता अनेकांची स्वतःची वेबसाइट असते. अशा मालकांना अधूनमधून एक ईमेल येतो. ‘आम्ही तुमची वेबसाइट तपासली. तिच्या कोडमध्ये शे-दीडशे चुका आहेत, म्हणून तुम्ही गुगलवर मागे पडता. दुरुस्तीचा खर्च अमुक इतका.’ सोबत लाल खुणांनी भरलेला अहवाल जोडलेला असतो. अहवालातील चुका बहुधा खऱ्या असतात, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष बहुधा खरा नसतो. चुकांची संख्या शून्यावर आणण्यासाठी पैसे मोजण्याची गरज नाही. मात्र त्या यादीत चार-पाच चुका अशा असू शकतात की त्या सोडून देणे गिऱ्हाइकावर अन्याय करणारे ठरेल.

वैध कोड म्हणजे काय?

वेबपान एचटीएमएल या भाषेत लिहिले जाते. मथळा कुठे, परिच्छेद कुठे, चित्र कोणते, हे सांगणाऱ्या खुणांना टॅग म्हणतात. टॅग कसे लिहायचे, कशाच्या आत काय ठेवायचे, याचे नियम ठरलेले आहेत. ते पाळणारा कोड म्हणजे वैध कोड. टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेल्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचे ‘व्हॅलिडेटर’ नावाचे साधन हीच तपासणी करते. ते मोफत आहे. वेबसाइटचा पत्ता टाकला की काही क्षणांत चुकांची यादी समोर येते. ईमेलवाल्याने केलेले ‘संशोधन’ अनेकदा एवढेच असते.

चुका असूनही वेबसाइट चालते कशी?

ब्राउझर मुद्दाम क्षमाशील बनवलेले आहेत. एक्सएचटीएमएल या कडक रूपात प्रयोग उलटा होता. पान त्या पद्धतीने पाठवले आणि एक जरी टॅग चुकला, तरी पानाऐवजी चुकीचा संदेश दिसे. ही शिस्त वेबला मानवली नाही. एक्सएचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीचे काम २००९ मध्ये गुंडाळले गेले. २०१४ मध्ये प्रमाण म्हणून जाहीर झालेल्या एचटीएमएल ५ ने वेगळा मार्ग धरला. चूक दिसली तर ब्राउझरने ती कशी सावरायची, हेही त्यात लिहून ठेवले. त्यामुळे बिघडलेले पानही क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत साधारण सारखेच दिसते. यादीतील ओळीचा किंवा परिच्छेदाचा शेवटचा टॅग गाळणे ही तर नियमानेही चूक नाही.

गुगलवर क्रमांक घसरतो का?

केवळ कोड अवैध आहे म्हणून घसरत नाही. वैध एचटीएमएल हा क्रमवारीचा निकष नाही, असे गुगलच्या शोधविभागातील मंडळींनी वेळोवेळी जाहीरपणे सांगितले आहे. मजकूर उपयोगाचा असणे, दुकानाचा पत्ता-वेळा बरोबर असणे आणि पान फोनवर लवकर उघडणे याकडे लक्ष देणे जास्त फायद्याचे.

तरी दोन अपवाद लक्षात ठेवावेत. प्रत्येक पानाच्या कोडला ‘हेड’ नावाचा माथा असतो. शोधयंत्रांसाठीच्या सूचना तिथे असतात. या भागात चालत नसलेली वस्तू, उदाहरणार्थ चित्राचा टॅग, मध्येच घुसली तर माथा तिथेच संपला असे गुगल मानते आणि पुढच्या सूचना वाचत नाही, असे त्याच्याच मार्गदर्शिकेत म्हटले आहे. हे पान शोधात दाखवू नका, किंवा मूळ पान अमुक आहे, अशा सूचना मग वाया जातात. दुसरा अपवाद दुकानाच्या वेळा, दर, पाककृती यांची माहिती यंत्राला कळेल अशा साच्यात देण्याचा. तिथे एक स्वल्पविराम चुकला तरी ती माहिती वाचलीच जात नाही.

खरा फटका कोणाला?

डोळस माणसाला ब्राउझर सांभाळून घेतो. स्क्रीनरीडरवर अवलंबून असलेल्या अंध व्यक्तीला तसे सांभाळून घेणे प्रत्येक वेळी शक्य नसते. फोनमधील टॉकबॅक किंवा संगणकावरील एनव्हीडीए कोड वाचून पान ऐकवतात. चित्राला पर्यायी मजकूर दिलेला नसेल तर साड्यांच्या पानावर नुसतेच ‘इमेज, इमेज’ किंवा फाइलचे निरर्थक नाव ऐकू येते. फॉर्मच्या रकान्याला लेबल नसेल तर नाव लिहायचे की फोन नंबर, हे कळत नाही.

वेबएम ही अमेरिकी संस्था २०१९ पासून दरवर्षी दहा लाख वेबसाइटची मुखपृष्ठे तपासते. २०२४ मध्ये ९५.९ टक्के पानांवर सुगम्यतेच्या चुका आढळल्या. ५४.५ टक्के पानांवर चित्रांचा पर्यायी मजकूर नव्हता, तर ४८.६ टक्के पानांवर रकान्यांची लेबले नव्हती.

आपल्या भागात हा प्रश्न दूरचा नाही. दादरची कमला मेहता अंधशाळा १९०० पासून आहे. ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा आहे, वरळीला १९५२ मध्ये स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे आणि धोबीतलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिबाधितांसाठी स्वतंत्र संसाधन केंद्र आहे. इथे शिकलेली, काम करणारी माणसे याच बाजारपेठांत खरेदी करतात. दुकानाच्या दारात आलेल्या अशा गिऱ्हाइकाला हात देऊन आत नेणारा दुकानदार वेबसाइटवर मात्र त्यालाच, नकळत, बाहेर उभे करतो.

मराठी वेबसाइटचा वेगळा प्रश्न कोणता?

कोडच्या पहिल्याच टॅगमध्ये पानाची भाषा सांगायची असते. मराठीसाठी तिथे इंग्रजी ‘एम’ आणि ‘आर’ ही दोन अक्षरे लिहितात. परदेशी तयार साच्यावर उभारलेल्या मराठी वेबसाइटमध्ये तिथे इंग्रजी भाषेचीच खूण राहून जाते. मग स्क्रीनरीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला घेण्याची, अक्षरे गाळण्याची शक्यता असते.

डोळस वाचकालाही याचा फरक दिसू शकतो. मराठीचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हिंदी वळणापेक्षा वेगळे आहेत. देवनागरीच्या अनेक फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात. भाषेची खूण मराठी असेल तर असा फॉन्ट मराठी वळण दाखवतो, नाहीतर हिंदी. राज्य शासनाच्या २०२२ च्या निर्णयातही याच मराठी रूपांचा आग्रह आहे. ज्या मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढून अक्षरांच्या खिळ्यांवर मेहनत घेतली, तिथे आज हे वळण दोन अक्षरांच्या दुरुस्तीने मिळत असेल तर ती न करण्याला सबब नाही.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सरकारी आणि खासगी, दोन्ही सेवांकडून सुगम्यतेची अपेक्षा करतो. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचा नियम केवळ शिफारसवजा ठेवणे कायद्याला धरून नसल्याचे सांगितले आणि बंधनकारक नियम करण्याचे निर्देश दिले. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवा मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. छोट्या दुकानदाराला उद्या नोटीस येईल, असा याचा अर्थ नाही. पण वारा कोणत्या दिशेला वाहतो आहे ते स्पष्ट आहे.

मग मालकाने काय करावे?

वेबसाइट करून देणाऱ्याला पाच गोष्टी विचाराव्यात आणि कामाच्या कागदावर लिहून घ्याव्यात. पानाची भाषा बरोबर नोंदली आहे का? प्रत्येक अर्थपूर्ण चित्राला पर्यायी मजकूर आहे का? फॉर्मच्या प्रत्येक रकान्याला लेबल आहे का? माथ्याचा भाग आणि यंत्रासाठीची माहिती निर्दोष आहे का? टॉकबॅक लावून ऑर्डर शेवटपर्यंत देता येते का? शेवटची चाचणी मालकाने स्वतः करावी. व्हॅलिडेटर ती करू शकत नाही. चित्राला मजकूर आहे की नाही हे त्याला कळते, तो मजकूर खरा आहे का हे कळत नाही. दुकानाचा फोन नंबर चुकला असेल तरी तो पानाला पूर्ण गुण देईल.

बाकी चुका जाहिरातींच्या किंवा बाहेरून जोडलेल्या कोडमधून येत असतील, तर त्यांच्यासाठी झोप उडवून घेऊ नये. पुन्हा कोणी लाल अहवाल पाठवला तर एकच विचारावे : ‘यातील नेमक्या कोणत्या चुकीमुळे माझे कोणते गिऱ्हाईक अडते?’ नेमके उत्तर मिळाले तरच पैशांचे बोलावे.