सहीआधी शब्द समजून घ्या

इंग्रजीच्या बाबतीत आपल्या कापड बाजारात दोन तऱ्हेची माणसे आढळतात. काही तरुण ‘हजार अवघड शब्द’ अशा धर्तीची पुस्तके आणून रोज दहा शब्द पाठ करतात. काही बुजुर्ग इंग्रजी कागद समोर आला की एवढेच विचारतात, ‘सही कुठे करायची?’ पहिल्याने पाठ केलेला शब्द दुकानात वर्षभर कामाला येत नाही आणि दुसऱ्याने न वाचलेला शब्द कधी घरावर जप्ती आणील याचा नेम नसतो. आमचे मत असे की व्यापाऱ्याने आणि कारागिराने अवघड इंग्रजी अवश्य शिकावे. पण सुरुवात पाठांतराच्या पुस्तकातून नव्हे, आपल्याच कपाटातील कागदांतून करावी.

जामीनपत्रच घ्या. त्यात ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ असे शब्द असतात. ‘सेव्हरल’ म्हणजे अनेक, हे शाळेत शिकलेले असते. म्हणून चार जामीनदार असले तर आपल्या वाट्याला पाव हिस्सा येईल, असा हिशेब मनात बसतो. येथे ‘सेव्हरली’चा अर्थ ‘प्रत्येक जण स्वतंत्रपणे’ असा आहे. म्हणजे बाकीच्या तिघांना सोडून बँक सगळी रक्कम एकट्या तुमच्याकडे मागू शकते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १२८ वे कलमही, करारात वेगळे काही लिहिले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरते. दोस्तीखातर केलेल्या सहीत एवढा अर्थ दडलेला असतो.

सोपे शब्दही कमी फसवे नाहीत. ‘अबाउट’ म्हणजे ‘सुमारे’ हे शाळकरी पोरही सांगेल. पण लेटर ऑफ क्रेडिटला सहसा यूसीपी ६०० हे नियम लागतात. २००७ पासून अमलात असलेल्या या नियमांत ‘अबाउट’चा अर्थ दहा टक्क्यांपर्यंत कमी किंवा जास्त, असा ठरलेला आहे. सोलापूरच्या निर्यातदाराच्या कागदावर ‘अबाउट १०,०००’ टॉवेल असे असेल, तर ९,००० ते ११,००० नग चालतात. मात्र रकमेपुढे हा शब्द नसेल, तर जास्त नग पाठवूनही लिहिलेल्या रकमेपेक्षा अधिक पैसे उचलता येत नाहीत.

हे शब्द नेहमी आपल्या विरोधातच जातात असेही नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात ‘डीम्ड अ‍ॅक्सेप्टन्स’ असा शब्दप्रयोग आहे. माल पोहोचल्यापासून पंधरा दिवसांत खरीदाराने लेखी तक्रार केली नाही, तर पोहोचल्या दिवशीच त्याने माल स्वीकारला असे कायदा मानतो. तेथून ४५ दिवसांपलीकडची मुदत लेखी करारानेही घेता येत नाही. उशीर झाला तर व्याज ‘विथ मंथली रेस्ट्स’ द्यावे लागते. हे ‘रेस्ट’ म्हणजे आराम नव्हे. दर महिन्याला व्याज मुद्दलात मिळवून पुढचे व्याज मोजायचे, असा त्याचा अर्थ. व्याज घ्यावे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. पण सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असलेल्या यंत्रमागधारकाला, तीन महिन्यांनी ‘कापडात डाग होते’ असे तोंडी सांगून बिल कापणाऱ्या खरीदाराला काय उत्तर द्यायचे, ते ‘डीम्ड अ‍ॅक्सेप्टन्स’ या दोन शब्दांत सापडते.

आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. ‘आपल्याला कसले इंग्रजी जमणार!’ हे आपल्या बिरादरीत वारंवार ऐकतो. ही भीती फुकाची आहे. ‘कॉटन’ हा अरबी ‘कुत्न’ आहे, ‘टॅरिफ’ अरबी ‘तारीफ’वरून आला, ‘मस्लिन’ला मोसुल शहराचे नाव मिळाले, ‘सिअरसकर’ हे फारसी ‘शीर-ओ-शकर’ आणि ‘डंगरी’ तर आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेली. ज्या भाषेने आपले इतके लफ्ज घेतले, तिचे पन्नास शब्द आपणही घ्यावेत.

मार्ग साधा आहे. कर्जाचा करार, जामीनपत्र, विम्याची पॉलिसी, भाडेकरार आणि मोठ्या गिऱ्हाईकाची ऑर्डर, एवढे कागद काढा. एका वहीत तीन रकाने आखा: शब्द, या कागदातील त्याचा अर्थ, आणि त्यामुळे आपल्यावर येणारी जबाबदारी. मोबाइलच्या भाषांतरावर विसंबू नका. ‘कन्सिडरेशन’ म्हणजे एरवी ‘विचार’, पण करारात ‘मोबदला’. अर्थ वकिलाकडून किंवा सीएकडून पडताळून घ्या. वही लिहायला घरातील शिकणाऱ्या मुलामुलींना बसवा. त्यांचे इंग्रजी आणि तुमचा अनुभव एकत्र आला की दोघेही शिकतात.

आपला हक्कही मागा. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या आदेशाप्रमाणे, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या वैयक्तिक व लघुउद्योगांच्या मुदत कर्जांत व्याज, खर्च आणि अटींचा गोषवारा कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो आणि समजावूनही सांगावा लागतो. तो मागण्यात संकोच कसला? थान उलगडून, पोत पाहून, मीटर मोजून माल घेणाऱ्या व्यापाऱ्याने कागदही तसाच उलगडून पाहावा. शब्द समजेपर्यंत सही एक दिवस लांबली तरी चालेल.