तीन रुपयांची हुज्जत

मीरा रोड स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या नया नगरच्या रिक्षावाल्याला राजकारणाचं विचारा, तो आधी सीएनजीचा भाव सांगेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये किमान भाडं २३ वरून २६ रुपये झालं. त्या तीन रुपयांवरून गिऱ्हाईक हुज्जत घालतं. २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्का भारतीयांकडे देशाची ४०.१ टक्के संपत्ती होती, असं थॉमस पिकेटींसह चार अर्थतज्ज्ञांचा अभ्यास सांगतो. त्यावरून स्टँडवर कुणाचा आवाज चढत नाही. चढतो तो वेगळ्याच गोष्टींवर. जानेवारी २०२४ मध्ये इथे दोन गटांत हाणामारी झाली, मागोमाग बुलडोझर आला आणि दुकानांची वाढीव बांधकामं पाडून गेला. जुलै २०२५ मध्ये मीरा रोडला मराठीसाठी मोर्चा निघाला. बाजू कुणाचीही खरी धरा, रस्ता बंद झाला की रिक्षा उभी राहते. मालकाला द्यायचं रोजचं भाडं मात्र चुकत नाही.