फिल्मवरची उजवी-डावी बाजू

अम्मींचा डावा हात लुळा पडला, मेंदूचा एमआरआय झाला. मगरिबनंतर घरातले सगळे ती फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून बसले. नववीतली भाची म्हणाली, "खाला, डाव्या अंगाचा ताबा मेंदूच्या उजव्या अर्ध्याकडे असतो ना? मग हा डाग डावीकडे कसा?" भाईजाननी चपला घातल्या. फिल्म दुसऱ्याचीच दिली, आत्ता जाऊन विचारतो म्हणाले.

भाचीचा प्रश्न अगदी बरोबर होता. मी कोबीचा गड्डा आणून त्यावर पेनाने नाक, डोळे, कान काढले.

सुरी नाकावर उभी धरली, तर गड्ड्याचे डावा आणि उजवा असे भाग होतील. हा सॅजिटल छेद. लॅटिनमध्ये सॅजिटा म्हणजे बाण. मधोमध घेतलेल्या अशा छेदात मेंदूचा देठ, मागचा लहान मेंदू आणि दोन्ही अर्ध्यांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा एकाच चित्रात दिसतात. सुरी एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत उभी धरली, तर पुढचा आणि मागचा भाग वेगळे होतात. हा कोरोनल. कोरोना म्हणजे ताज. त्या विषाणूचं नावही यावरूनच पडलं. स्मरणशक्तीशी संबंधित हिप्पोकॅम्पस या छेदात चांगला पाहता येतो. तिसरा छेद आडवा, टोमॅटोच्या चकत्यांसारखा. तो अ‍ॅक्सियल. यंत्रात सुरी नसते, चुंबक आणि रेडिओलहरींवर काम चालतं.

आमचा घोळ या चकत्यांतच झाला होता. त्या पायांकडून पाहिल्यासारख्या मांडतात. अम्मी खाटेवर उताण्या झोपल्या आहेत आणि आपण पायथ्याशी उभे आहोत असं समजा. त्यांचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. कोरोनल चित्रही समोरासमोर बसल्यासारखंच, म्हणून तिथेही तसंच. म्हणजे फिल्मवर डावीकडे दिसणारा डाग अम्मींच्या मेंदूच्या उजव्या अर्ध्यातच होता. पुस्तक बरोबर, फिल्मही बरोबर.

"पण हे ओळखायचं कसं?" भाचीने विचारलं. चित्राच्या कडेला बारीक 'आर' किंवा 'एल' असतो. 'आर' म्हणजे पेशंटची उजवी बाजू. आमच्या फिल्मवर तो डावीकडे होता, इतका बारीक की चष्म्याशिवाय मलाही दिसला नाही. सॅजिटल चित्रात चेहरा एका बाजूने दिसतो, तिथे हा प्रश्नच येत नाही.

भाईजाननी चपला काढल्या. पाकिटात रिपोर्टचा कागद होता, त्यात 'राइट' असं स्पष्ट छापलेलं होतं. तो तोवर कोणी उघडलाच नव्हता.