ड्रिल घेण्याआधी घरची पेटी उघडून पाहावी

भिंतीवर एक चौकट टांगायची तर सुताराला निरोप धाडावा लागतो आणि तो येतो चौथ्या दिवशी. पडद्याच्या दांडीचे दोन स्क्रू निघाले, तरी तीच कथा. अशा वेळी घरातील तरुण मंडळींनी स्वतःचे ड्रिल मशीन आणण्याचा विचार केला, तर तो स्वागतार्हच आहे. आपल्या आजोबांच्या पिढीत बहुतेक घरी करवत, पक्कड आणि गिरमिट असे. मधल्या काळात हाताने काम करण्याची सवय सुटली. ती परत येत असेल तर आनंदच मानावा. प्रश्न आहे तो खरेदीच्या क्रमाचा. सवलत पाहून शंभर नगांचा संच घरी येतो, आणि तो ज्या सॉकेटमध्ये लावायचा त्याच्या मागे काय आहे, हे मात्र कोणी पाहिलेले नसते.

बँकेत आम्ही कर्ज देण्यापूर्वी तारण तपासत असू. मालतारणाच्या तपासणीनिमित्त दुकाने आणि गोदामे पाहण्याचा योग पुष्कळदा आला. मालाची मांडणी चोख, वह्या चोख. पण गल्ल्यामागे एकाच सॉकेटमधून निघालेले तीन एक्स्टेन्शन बोर्ड, त्यांवर संगणक, प्रिंटर, पंखा, आणि भिंतीला पावसाळ्याची ओल. मालाचा विमा उतरवलेला असे. त्या बोर्डाला रोज हात लावणाऱ्या माणसाचा विचार झालेला नसे. घरांची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. म्हणून यंत्राची चर्चा करण्याआधी घरातील डीबी, म्हणजे मीटरनंतरची ती झाकणाची पेटी, उघडून पाहावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

त्या पेटीत छोट्या खटक्यांची जी ओळ दिसते, ती एमसीबींची. एमसीबी आहे म्हणजे शॉकपासून आपण सुरक्षित आहोत, असा अनेकांचा समज आहे आणि तो चुकीचा आहे. एमसीबी राखते ती वायरला. भार वाढला किंवा शॉर्टसर्किट झाले तर ती पडते आणि वायर जळण्यापासून वाचते. माणसाच्या शरीरातून जाणारा प्रवाह तिच्या लेखी किरकोळ असतो. 16 अँपिअरची एमसीबी 16 च्या पुढे गेल्यावरच हलणार. माणसाचा प्राण जायला त्याचा शेकडो पटींनी लहान हिस्साही पुरतो.

त्यासाठी पेटीत आरसीसीबी असावी लागते. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांचा ती सतत ताळमेळ घेत असते. जमा आणि नावे जुळले तर ठीक. घरगुती आरसीसीबीत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, की कोठेतरी गळती आहे असे मानून ती निमिषार्धात पुरवठा तोडते. रोजमेळ जुळल्याशिवाय दुकान न वाढवणाऱ्या माणसांना हे तत्त्व अधिक समजावून सांगायला नको. तिलाही मर्यादा आहेत. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांना एकाच वेळी हात लागला आणि जमिनीकडे गळती झाली नाही, तर तिच्या हिशेबात फरक दिसत नाही. तरीही घरात एकाच विद्युत वस्तूवर खर्च करायचा असेल, तर तो मी हिच्यावर करीन. किंमत एका बऱ्या ड्रिल संचाच्या आसपासच असते.

आता खरी मेख. जुन्या इमारतींत दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र बांधलेले असतात. तेथे आरसीसीबी बसवली की ती वारंवार पडते. घरचे त्रासतात, वायरमनला बोलावतात, आणि तो मूळ दोष शोधण्याऐवजी तिला वगळून थेट जोडणी करून देतो. पेटीत ती ऐटीत बसलेली दिसते, काम मात्र काही करीत नाही. तिच्यावर ‘टी’ अक्षराचे एक छोटे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबावे. खटका पडला एवढ्यावर समाधान मानू नये. घरातील दिवे, पंखे आणि सॉकेट खरोखर बंद झाले का, ते खोल्याखोल्यांतून फिरून पाहावे. आमच्या सोसायटीतील एका शेजाऱ्यांकडे मी हे करायला लावले. खटका पडला आणि दिवाणखान्यातला पंखा फिरतच राहिला. त्यांचे चिरंजीव त्याच आठवड्यात गच्चीवर लोखंडी जाळी कापण्यासाठी ग्राइंडर आणणार होते, तेही पावसाळ्यात. ग्राइंडरची खरेदी पंधरा दिवस लांबली आणि आधी न्यूट्रल वेगळे झाले.

हे काम मात्र परवानाधारक कंत्राटदाराचेच. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांची जशीच्या तशी अदलाबदल करण्यास मोकळीक आहे. नवी जोडणी किंवा फेरफार परवाना असलेल्या माणसाकडूनच करावे लागतात. दुरुस्तीस आलेल्याने ‘बायपास करून देतो’ असे म्हटले, तर त्यास नम्रपणे चहा पाजून निरोप द्यावा.

सॉकेटचे गणित सोपे आहे. आपल्याकडे घरगुती पुरवठा 230 व्होल्टचा. 6 अँपिअरचे सॉकेट म्हणजे सुमारे 1,380 वॅट आणि 16 अँपिअरचे म्हणजे सुमारे 3,680 वॅट. 600 वॅटचे ड्रिल तीन अँपिअरदेखील घेत नाही, ते कोठेही चालेल. 1,300 वॅटचा मार्बल कटर मात्र 6 अँपिअरच्या काठावर जातो. तो 16 अँपिअरच्या सॉकेटवरच लावावा. मोठा प्लग लहान सॉकेटमध्ये बसवणारे जे कन्व्हर्टर मिळतात, ते घरात आणूच नयेत. प्लग बसत नाही, हीच तेथे सुरक्षेची व्यवस्था आहे. एक्स्टेन्शनची गुंडाळी वापरताना पूर्ण उलगडावी. गुंडाळलेली वायर भाराखाली तापते. तीन पिनांपैकी जाड आणि लांब पिन अर्थिंगची, ती आधी जोडली जावी म्हणून लांब ठेवलेली असते. ती कापून प्लग बसवणारे महाभाग आहेत! उलट काही ड्रिलना दोनच पिना पाहून घाबरायचे कारण नाही. यंत्राच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल, तर ते दुहेरी इन्सुलेशनचे आहे आणि त्याला अर्थिंग लागत नाही.

एवढे झाले की ड्रिल निवडणे अवघड नाही. विटांच्या भिंतीसाठी 13 मिलिमीटर चक, हॅमरची सोय, कमीजास्त होणारा वेग आणि उलटी गती, इतके असले की पुरे. स्लॅब किंवा काँक्रीटच्या तुळईत वारंवार भोके पाडायची असतील, तर एसडीएस जातीचे रोटरी हॅमर घ्यावे; साध्या ड्रिलवर जोर देऊन हात आणि बिट दोन्ही दमतात. फक्त स्क्रू आवळायचे आणि फर्निचर जोडायचे असेल, तर 12 व्होल्टचे बॅटरीचे यंत्र घरातील कोणालाही सहज पेलते. पैसे वाचवायचे तर नगांच्या संख्येवर वाचवावेत, बिटवर नव्हे. टाइलवर आरंभी हॅमर बंद ठेवून सावकाश भोक पाडावे. स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा त्याच्या आडव्या रेषेत ड्रिल कधी चालवू नये. भिंतीतल्या वायरी बहुधा तेथूनच जातात.

ग्राइंडरविषयी मी थोडा कठोर आहे. घरात त्याची गरज क्वचित पडते, भाड्याने मिळतो. घ्यायचाच तर त्याचा गार्ड काढू नये, चष्मा वापरावा, आणि लाकूड कापायचे दातेरी पाते त्यावर चढवू नये, विक्रेत्याने कितीही खात्री दिली तरी. कापण्याच्या चकतीवर कमाल फेरे छापलेले असतात, आणि मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीखही. दुकानात चकती हाती घेताच आधी ती वाचावी.

मुंबईत लोहार चाळ आणि नागदेवी स्ट्रीट, पुण्यात तपकीर गल्ली येथे हे सारे मिळते आणि भाव करण्यात आपण कोणाला हार जाणार नाही. मात्र वायर, स्विच, एमसीबी यांवर आयएसआय चिन्ह आणि त्यालगतचा परवाना क्रमांक पाहावा. तो भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकून दुकानातच पडताळता येतो. बिल घरच्या नावाने घ्यावे. घरच्या ड्रिलवर दुकानाच्या नावाने जीएसटीचे इनपुट क्रेडिट घेण्याचा मोह काहींना होतो. खासगी वापराच्या वस्तूंवर ते मिळत नाही. बिल थर्मल कागदावरचे असेल तर त्याच दिवशी प्रत काढून यंत्राच्या खोक्यात ठेवावी, वॉरंटीची वेळ येईतो मूळ कागदावरची अक्षरे उडालेली असतात.