आधीं विचारावें, मग ठरवावें

विज्ञानप्रदर्शनाचे दिवस जवळ आले म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या दाराशीं मुलांची जी गर्दी होते, तिच्यांत अलीकडे दोन वस्तु हटकून दिसूं लागल्या आहेत. एक आर्डुइनो नांवाची तळहाताएवढी निळी पाटी, आणि दुसरें टपालाच्या तिकिटाएवढें, सिमकार्ड घालावयाचें मोबाईल मॉडेम. ह्या दोहोंची जोडणी साधली, कीं माणसाचा हात न लागतां यंत्र आपण होऊन संदेश पाठवूं लागतें. हें पाहून मुलें हर्षभरित होतात; पालक मात्र विचारतात, "सर, ह्या खेळण्यानें परीक्षेंत किती गुण वाढणार?" प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तर टाळणें शिक्षकास शोभत नाहीं. गुण वाढतील असें वचन मी देत नाहीं. परंतु ही जोडणी नीट रीतीनें करविली, तर निर्णय देण्यापूर्वीं प्रश्न विचारण्याची संवय मुलांस लागते, आणि ती संवय पुस्तकांतील दहा धड्यांनीं लागत नाहीं, असें माझें स्पष्ट मत आहे. हें मत बनण्यापूर्वीं माझ्या हातून एक चूक झाली, व तिची किंमत दुसऱ्यास भरावी लागली. ती हकीकत प्रथम सांगतों.

तत्पूर्वीं ह्या वस्तूंची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. आर्डुइनोचा जन्म इटलींतील इव्ह्रेआ ह्या गांवीं २००५ सालीं झाला. विद्युत्शास्त्राचें विशेष ज्ञान नसलेल्या विद्यार्थ्यांसहि थोड्या खर्चांत प्रयोग करितां यावे, ह्या हेतूनें तेथील एका शिक्षणसंस्थेंतील मंडळींनीं ती सिद्ध केली. आमच्या मुलांच्या हातीं असते ती 'उनो' जातीची पाटी सेकंदास एक कोट साठ लक्ष ठोक्यांच्या गतीनें चालते. पण तिची चालू कामापुरती स्मृति अवघी २,०४८ बाईटांची. मॉडेम असतें तें बहुधा 'सिम ८०० एल' नांवाचें. एक हिशेब करणारें, दुसरें निरोप नेणारें. दोघांची गांठ घालून देणें हें मुलांचें काम.

कांहीं वर्षांपूर्वीं नववींतील एक मुलगा माझ्याकडे आला. त्याच्या वडिलांची शेती विहिरीवरची. शेतीच्या पंपास लागणारी थ्री फेज वीज पाळीपाळीनें मिळे. कधीं दिवसा, कधीं रात्रीं. आणि ठरलेली पाळीहि पुष्कळदां चुके. वडील रात्रीं दोन-दोन वेळां उठून, हातांत बॅटरी घेऊन बांधावरून विहिरीपर्यंत जात, आणि लाईट आलेली नसली कीं तसेच परत येत. आदल्या पावसाळ्यांत त्यांच्या पायाजवळून फुरसें गेलें होतें. मुलगा म्हणाला, "सर, लाईट आली कीं बाबांना मेसेज जाईल, असं कांहीं करतां येईल का?" मीं आनंदानें होकार दिला.

आम्हीं जोडणी केली. मॉडेमास ३.४ ते ४.४ व्होल्टांची वीज लागते, व पाटीवर ५ व्होल्ट मिळतात. म्हणून मध्यें एक डायोड घालून व्होल्ट उतरविले. मल्टिमीटर लावून पाहिला, तों आंकडा चारांच्या थोडा वर स्थिर. सर्व यथास्थित दिसलें. पण मॉडेमावरील बारीक दिवा सेकंदास एकदां असा सात-आठ वेळां लुकलुके, मग विझे, आणि पुन्हां पहिल्यापासून तोच प्रकार! दोन दिवस हें पाहून मीं निकाल दिला, "अरे, हें मॉड्यूलच खराब आहे. दुसरें आण." दुसऱ्या दिवशीं मुलाचे वडील शाळेंत आले. त्या महिन्यांत कांद्यास भाव नव्हता. ते एवढेंच म्हणाले, "सर, तुम्ही खराब म्हणतां तर दुसरं आणतो. पण ह्याचं मन मोडूं नका." आठवड्यानें दुसरें मॉड्यूल आलें. त्याचाहि दिवा सात-आठ वेळां लुकलुकून विझला.

तेंहि खराब म्हणण्याच्या मी बेतांत होतों, इतक्यांत मुलगा हळूच म्हणाला, "सर, दोघांना एकच आजार कसा झाला? दोघांत सारखं काय आहे, तें बघूं या का?" दोघांत सारख्या होत्या आमच्या तारा, आणि आमचीच वीज.

खरें कारण असें होतें. जीएसएम पद्धतींत एका लहरीवर आठ जणांस पाळीनें बोलावयास मिळतें. सुमारें ४.६ मिलिसेकंदांच्या एका फेरींत प्रत्येकाच्या वांट्यास जेमतेम ०.५८ मिलिसेकंद येतो. तेवढ्या अवधींत दूरच्या टॉवरपर्यंत आपलें म्हणणें पोंचवावयाचें, म्हणून मॉडेम त्या क्षणीं सर्व जोर लावतें व २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतें. आमची पाटी चालत होती संगणकाच्या यूएसबीवर. तेथून नियमानें अर्धा अँपिअर मिळावयाचा. त्यांत ब्रेडबोर्डाच्या लांब व केसासारख्या तारा! टॉवर शोधावयास लागतांच व्होल्ट कोसळत, मॉडेमास मूर्च्छा येई, आणि शुद्धीवर येऊन तें पुन्हां तोच उद्योग आरंभी. मल्टिमीटर खोटें बोलत नव्हता. तो सरासरी सांगत होता, आणि आम्हांस हवी होती त्या अर्ध्या मिलिसेकंदाची हकीकत. ती त्याला सांगतां येत नाहीं, हें ध्यानांत न घेतां मीं त्याच्या साक्षीवर निकाल दिला होता.

मग आम्हीं लिथियमचा एक चांगला सेल घेतला, आंखूड व जाड तारांनीं मॉडेमास जोडला, अगदीं जवळ १००० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर लावला, आणि पाटी व मॉडेम ह्यांचे ग्राउंड एकत्र केले. दोघांची बोलण्याची पट्टीहि निराळी. पाटी ५ व्होल्टांवर बोलते, तर मॉडेम सुमारें २.८ व्होल्टांवर. म्हणून पाटीकडून मॉडेमाकडे जाणाऱ्या तारेंत दोन सारखे रेझिस्टर घालून तो जोर निम्मा केला. दिवा थोडा वेळ घाईनें लुकलुकला, आणि मग तीन सेकंदांनीं एकदां, असा शांतपणें लुकलुकूं लागला. टॉवरनें ओळख दिल्याची ती खूण. नंतर 'खराब' ठरलेलें पहिलें मॉड्यूल लावलें, तेंहि चाललें. मुलगा आनंदानें टाळ्या पिटीत होता, आणि मला त्याच्या वडिलांचें वाक्य आठवत होतें. दुसऱ्या मॉड्यूलाचे पैसे मीं त्यांस परत केले; ते घेतांना त्यांनीं पुष्कळ आढेवेढे घेतले. पैसे परत देतां आले, ही त्यांतल्या त्यांत बरी गोष्ट. मुलांविषयीं असेच घाईनें दिलेले निकाल आम्हां शिक्षकांस परत घेतां येतातच असें नाहीं.

ह्या मॉडेमाची भाषाच मुळीं विचारण्याची आहे. हेज ह्या अमेरिकन कंपनीनें १९८१ सालीं टेलिफोनच्या मॉडेमासाठीं ही भाषा प्रचारांत आणली, आणि चाळीसांहून अधिक वर्षें लोटलीं तरी तिची पद्धत बदललेली नाहीं. प्रत्येक आज्ञेच्या आरंभीं 'एटी' हीं अक्षरें येतात. त्यांचा अर्थ 'इकडे लक्ष द्या'. नुसतें 'एटी' पाठविलें, कीं जागें असलेलें मॉडेम 'ओके' म्हणतें. मग सिमकार्ड तयार आहे काय, हें विचारावें. मग लहरी किती जोरानें येत आहेत हें विचारावें. उत्तर ० ते ३१ ह्यांमधील आंकड्यानें येतें, आणि ९९ आलें तर त्याचा अर्थ 'मला ठाऊक नाहीं'. 'मला ठाऊक नाहीं' असें प्रांजळपणें सांगण्याची सोय ह्या यंत्रांत करून ठेविली आहे, हें मला फार आवडतें. मग टॉवरनें नोंद करून घेतली काय, हें विचारावें. उत्तरांत १ किंवा ५ आला तरच पुढें जावें. इतक्या पायऱ्या चढल्यावर संदेश पाठवावयाचा.

आतां मुलें काय करितात? कोणाचा तरी आयता प्रोग्राम उतरवून घेतात. अशा प्रोग्रामांत पुष्कळदां प्रत्येक आज्ञेनंतर 'एक सेकंद थांब' असें लिहिलेलें असतें. पण मॉडेम काय म्हणालें, तें वाचण्याची तजवीज नसते. सेकंदभर थांबणें निराळें आणि उत्तर ऐकणें निराळें. सुदैवानें चाललें तर टाळ्या, न चाललें तर 'मॉड्यूल खराब'! म्हणून माझी शिक्षकबंधूंस व भगिनींस विनंति आहे, कीं पहिले दोन दिवस मुलांस प्रोग्राम लिहूंच देऊं नये. संगणकावरून एकेक आज्ञा हातानें पाठवावी, वहींत एका बाजूस प्रश्न व दुसऱ्या बाजूस उत्तर लिहावें, आणि उत्तर समजल्यावांचून दुसरा प्रश्न विचारूं नये. ह्यानें वेळ जातो, आणि प्रदर्शनाची तारीख कोणासाठीं थांबत नाहीं, हें मी जाणतों. तथापि बक्षीस मिळविलेला पण स्वतःस न समजलेला प्रयोग दाखविण्यापेक्षां, अर्धाच झालेला पण पूर्ण समजलेला प्रयोग दाखविणें मी अधिक प्रशस्त समजतों.

मुलाच्या वडिलांस मराठीच वाचतां येई, म्हणून संदेशहि मराठींत हवा होता. येथेंहि एक धडा मिळाला. फोनवर धाडलेला पहिला संदेश नील पॅपवर्थ ह्यांनीं ३ डिसेंबर १९९२ रोजीं इंग्लंडांत संगणकावरून पाठविला. तो नाताळच्या शुभेच्छांचा होता. इंग्रजी संदेशांत १६० अक्षरें मावतात. देवनागरींत मात्र ७०च, आणि त्यांत काना, मात्रा, वेलांटी हीं निरनिराळीं मोजलीं जातात. 'थ्री फेज आली' हें एवढेंसें वाक्य, पण त्याचे घटक १२, आणि प्रत्येकाची खूण चार चिन्हांची. म्हणजे एकूण ४८ चिन्हें मुलानें वहींत मांडलीं. आपली लिपि इतक्या बारकाईनें त्यानें व्याकरणाच्या तासास पाहिली नव्हती.

पालकांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली खरेदीची. 'सिम ८०० एल' हें केवळ टू-जी जाळ्यावर चालतें. जिओनें २०१६ सालीं फोर-जीवरच आरंभ केला, तेव्हां तिचें सिमकार्ड ह्यांत चालणार नाहीं. सिंगापुरांत २०१७ सालीं टू-जी बंदहि झालें. म्हणून मॉड्यूल घेण्यापूर्वीं आपल्या गांवीं कोणाचें टू-जी चालतें तें विचारावें, आणि तें नसेल तर फोर-जीचें, थोडें महाग, मॉड्यूल घ्यावें. सिमकार्ड वडीलधाऱ्यांच्या नांवें असतें, तेव्हां त्यावरून काय जातें येतें ह्याची जबाबदारीहि त्यांचीच आहे.

दुसरी गोष्ट जिवाची. थ्री फेज म्हणजे ४१५ व्होल्ट. तेथें मुलांचा हात मुळींच जातां कामा नये. आमच्या मुलानें पाटीवर काम केलें तें ५ व्होल्टांचें. विहिरीवरील तिन्ही फेजांस एकेक तयार चार्जर लावण्याचें काम परवानाधारक वायरमननें केलें, आणि तिन्ही चार्जर जिवंत झाले तरच संदेश जाईल अशी योजना केली. शिवाय मॉडेम 'ओके' म्हणालें, ह्याचा अर्थ संदेश टॉवरनें स्वीकारला एवढाच. तो वडिलांस पोंचला असा नव्हे. कधीं तो उशिरानें येतो, कधीं येतहि नाहीं. हें मुलानें घरीं आधींच समजावून सांगितलें, ह्याचें मला समाधान वाटतें.

पुढें तो मुलगा भेटला तेव्हां म्हणाला, "सर, बाबा आतां मेसेज आल्यावरच उठतात. पण कधीं कधीं उगीच फोन उघडून बघतात." मीं विचारलें, "कां रे?" तो हंसून म्हणाला, "तें नाहीं विचारलं, सर." मीं म्हटलें, "मग आधीं विचार."