पिशवीवरील नाव आणि कायद्यातील पळवाट

पेरणीच्या हंगामात शेतकरी बियाण्याची पिशवी विकत घेतो, तेव्हा दाम तो तत्काळ मोजतो. बियाणे खरे की खोटे हे मात्र पुढे जमीनच सांगते. अशा खरेदीदारासाठी १९३० च्या मालविक्री कायद्यात काही गर्भित शर्ती आहेत. करारात लिहिलेल्या नसल्या तरी त्या आहेत असेच न्यायालय मानते. माल वर्णनाबरहुकूम व नमुन्याबरहुकूम असावा. बाजारात चालण्याजोगा असावा. आणि खरेदीदाराने आपला हेतू सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून तो घेतला असेल, तर त्या कामास उपयोगी असावा.

परंतु एका हाताने दिलेले हे संरक्षण कायदा दुसऱ्या हाताने काढून घेतो. पेटंट वा व्यापारी नावाने विकलेल्या विशिष्ट वस्तूला उपयुक्ततेची शर्त लागू नाही, असे कलम १६ चे परंतुक सांगते. आज नावावाचून काय विकले जाते? त्यावर कलम ६२ असे की, उभयपक्षी करार झाल्यास गर्भित शर्ती वगळता येतात. पावतीच्या मागील बारीक अक्षरांना ‘उभयपक्षी करार’ म्हणणे ही दुर्बळाची निव्वळ थट्टा होय.

करारस्वातंत्र्याचे समर्थक म्हणतील, खरेदीदाराने डोळे उघडे ठेवावेत. पण दाण्यातील उगवणशक्ती डोळ्यांना दिसते काय? सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात शेतकऱ्याला ग्राहक मानले, आणि तपासणीसाठी बियाणे राखून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, हेही ग्राह्य धरले. न्यायालयाला जे उमगले ते कायद्यात मात्र उतरले नाही.

आपला कायदा ज्या १८९३ च्या इंग्रजी कायद्यावर बेतला, त्यातील व्यापारी नावाचे परंतुक खुद्द ब्रिटनने १९७३ साली काढून टाकले. सामान्य ग्राहकाविरुद्ध गर्भित शर्ती वगळण्यासही तेथे मनाई झाली. आपण मात्र टाकून दिलेला तो साचा अद्याप जपून ठेवला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित करार रद्द करण्याची तरतूद केली खरी. पण तो अधिकार राज्य व राष्ट्रीय आयोगांनाच दिला, जिल्हा आयोगाला नाही. नांगर सोडून राजधानीचे हेलपाटे घालणे किती शेतकऱ्यांना परवडेल?

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे: कलम १६ मधील परंतुक रद्द करा, वैयक्तिक खरेदीदाराविरुद्ध कलम ६२ चा वापर बंद करा, अनुचित करार तपासण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला द्या. दाम रोख घेणाऱ्याने जबाबदारीही रोखच पत्करली पाहिजे.